सिबिल मॉनिटरिंगला पैसे भरायचे का? आधी एवढं करून बघा

मागच्या महिन्यात भाच्याचा रात्री साडेदहाला फोन, मावशी बाराशे रुपये भरू का नको तेवढं सांग, पान समोर उघडंच आहे. तो हिंजवडीत नोकरीला, वाकडला भाड्याने राहतो, आता रावेतला फ्लॅट बुक करायचं चाललंय आणि ऑफिसात कोणीतरी सांगितलं की होम लोनच्या आधी सिबिलचं मॉनिटरिंग घेऊन ठेव, नाहीतर ऐनवेळी अडकशील. सिबिल म्हणजे आपल्या कर्जांची आणि कार्डांची नोंद ठेवून त्यावरून स्कोअर काढणारी कंपनी, आणि मॉनिटरिंग म्हणजे त्या नोंदीच्या रिपोर्टवर नजर ठेवून बदल कळवणारा, पैसे भरून घ्यायचा प्लॅन. मी म्हटलं आज काही भरू नकोस, रविवारी लॅपटॉप घेऊन जेवायलाच ये. त्या रविवारी आम्ही बसून जे केलं ते इथे क्रमाने लिहितेय, कारण नंतर सोसायटीतल्या तिघांनी हेच विचारलं आणि तोंडी सांगताना दर वेळी काहीतरी राहूनच जातं.

माझं मत आधीच सांगून टाकते. पगार, एखादं कर्ज, एक-दोन क्रेडिट कार्डं असा साधा कारभार असेल तर वर्षाचा प्लॅन घेऊ नका. ठरावीक दोन-तीन प्रसंगात एक महिन्याचा किंवा सहा महिन्यांचा घ्यायला हरकत नाही, ते प्रसंग पुढे सांगते.

आणि हे मी स्वतः पोळल्यावर सांगतेय. २०२२ मध्ये धायरीच्या छोट्या फ्लॅटसाठी आम्ही एका सहकारी बँकेत अर्ज केला होता, तिथल्या मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली आणि म्हणाल्या हे ६,२०० रुपयांचं पर्सनल लोन चार महिने थकलंय ते आधी मिटवा. मी असलं कर्ज आयुष्यात घेतलं नव्हतं, कुठल्या तरी लोन अ‍ॅपवरून माझा पॅन वापरून कोणीतरी उचललेलं. ते निस्तरण्यात आमची बुकिंगची तारीख गेली. त्या धास्तीत मी एका ब्युरोचा, म्हणजे सिबिलसारख्या कंपनीचा, वर्षाचा प्लॅन घेतला, आणि वर्षभर मला काय आलं तर तुमचा स्कोअर २ ने वाढला, तुमचा स्कोअर ३ ने कमी झाला. मला ज्याची भीती होती त्यातलं एकही काम त्या प्लॅनमुळे झालं नाही. तेव्हापासून हा विषय मी मुळापासून समजून घेतला.

पहिली पायरी : आपण नक्की काय विकत घेतोय ते बघा

आपण सगळेच सिबिल सिबिल म्हणतो पण भारतात असे ब्युरो चार आहेत, ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. सिबिल २००० साली सगळ्यात आधी आलं म्हणून तेच नाव तोंडात बसलंय. चौघांनाही २००५ चा क्रेडिट इन्फर्मेशन कंपन्यांचा कायदा लागू आहे आणि वर रिझर्व्ह बँक आहे. चौघांचा स्कोअर ३०० ते ९०० मध्येच असतो, पण प्रत्येकाचा हिशोब वेगळा, म्हणून एकीकडे ७६१ आणि दुसरीकडे ७८० दिसलं तर घाबरायचं काही कारण नाही.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही ज्या ब्युरोचा प्लॅन घेता तो साधारण त्याच ब्युरोचा रिपोर्ट बघत बसतो. बँका आणि एनबीएफसींनी (बँक नसलेल्या कर्ज कंपन्या) कर्जाची माहिती चारही ब्युरोंना पाठवायची असते, त्यामुळे नवीन कर्ज आज ना उद्या चारही ठिकाणी दिसतं. पण कर्ज द्यायच्या आधी जी चौकशी होते, म्हणजे इन्क्वायरी, ती ज्या ब्युरोकडे केली फक्त तिथेच नोंदली जाते. कोणी तुमच्या पॅनवर अर्ज केला आणि त्या कंपनीने रिपोर्ट दुसऱ्याच ब्युरोकडून मागवला, तर तुमच्या बाराशेच्या प्लॅनला त्याचा पत्ताही लागत नाही. खरंतर धोक्याची पहिली खूण इन्क्वायरी हीच असते, आणि नेमकी तीच चारातल्या तीन ठिकाणी निसटू शकते.

दुसरं म्हणजे मॉनिटरिंग कर्ज थांबवत नाही. झालेली गोष्ट सांगतं, बस. अमेरिकेत तीन ब्युरो आहेत आणि तिथे माणसाला स्वतःचा रिपोर्ट फ्रीझ करता येतो, २०१८ पासून तेही फुकट, म्हणजे कुलूपच लावल्यासारखं. नेटवर वाचायला मिळणारे बरेचसे सल्ले तिकडचे असतात, आपल्या घरोघरी कोणी ना कोणी तिकडे असतंच, ते पण फोनवर सांगतात फ्रीझ कर म्हणून. आपल्याकडे ग्राहकाच्या हातात तसं कुलूप कायद्याने दिलेलं नाहीये, त्यामुळे तिकडचा सल्ला इकडे तसाच्या तसा लावू नका.

आणि ते 'रोज अपडेट' वगैरे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ पासून बँकांना किमान दर पंधरा दिवसांनी माहिती पाठवायला लावलं, त्याआधी महिन्याने जायची. बँकेकडून नवीन माहितीच आली नसेल तर रोज रिपोर्ट उघडून त्यात दिसणार काय?

दुसरी पायरी : फुकटचा अलर्ट चालू आहे का बघा

हे फार कमी लोकांना माहीत आहे, भाच्यालाही नव्हतं. २६ ऑक्टोबर २०२३ ला रिझर्व्ह बँकेने आदेश काढला, तो एप्रिल २०२४ पासून लागू झाला. त्यानुसार कुठल्याही बँकेने किंवा कर्ज देणाऱ्या कंपनीने तुमचा रिपोर्ट मागवला की ब्युरोने तुम्हाला एसएमएस किंवा ईमेल पाठवायचा, चारही ब्युरोंनी, एक पैसा न घेता. तसंच तुमचा हप्ता थकल्याची नोंद बँक ब्युरोला पाठवत असेल तर बँकेनेही तुम्हाला तसं कळवायचं. म्हणजे मॉनिटरिंगमधला जो भाग खरंच कामाचा, तो आता फुकट मिळतोय.

पण, आणि इथेच बहुतेकांचं अडतं, हा मेसेज ब्युरोकडे जो नंबर असेल त्यावर जातो. ब्युरोकडे नंबर येतो तुमच्या बँकेकडून, आणि बँकेत असतो तुम्ही आठ वर्षांपूर्वी फॉर्मवर लिहिलेला. भाच्याचं तेच झालेलं, कॉलेजला असताना टू-व्हीलरच्या कर्जाच्या फॉर्मवर टाकलेला नंबर केव्हाच बंद झालाय आणि रिपोर्टमध्ये वरती तोच. म्हणून जिथे जिथे कर्ज किंवा कार्ड आहे तिथे मोबाईल आणि ईमेल आजचा करून घ्या. नेट बँकिंगमधून होत असेल तर दहा मिनिटांचं काम, नाहीतर सरळ ब्रँचमध्ये जाऊन फॉर्म भरा आणि पोच घ्या. या पूर्ण लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

आणि ब्युरोच्या नावाने मेसेज आला तर त्यातल्या लिंकवर टॅप करू नका, तेच नाव वापरून खोटे मेसेज पण फिरतात. साइट स्वतः उघडून लॉगिन करून बघायचं.

तिसरी पायरी : वर्षाचे चार फुकट रिपोर्ट, सणावारी वाटून

प्रत्येक ब्युरोने प्रत्येक माणसाला दर कॅलेंडर वर्षात एकदा पूर्ण रिपोर्ट स्कोअरसकट फुकट द्यायचा, हा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून आहे. ब्युरो चार म्हणजे रिपोर्ट चार. सगळे एकाच दिवशी काढून टाकायचे नाहीत, वर्षभर पसरवायचे. आमच्या घरी असं ठरलंय : संक्रांतीला सिबिल, पाडव्याला एक्स्पिरियन, आषाढीला इक्विफॅक्स आणि दसऱ्याला क्रिफ. सणाची तारीख कोणी विसरत नाही आणि मध्ये साधारण तीन-तीन महिने पडतात. होम लोन तोंडावर आहे असं असेल तर मात्र चारही आत्ताच काढा, भाच्याचे आम्ही तसेच काढले.

काढताना थेट ब्युरोच्या साइटवरच जा. पॅन, जन्मतारीख, मोबाईल, ओटीपी एवढं लागतं, कधी जुन्या कर्जाबद्दल एक-दोन प्रश्न विचारतात. मधेच पैसे भरायच्या प्लॅनचं पान येऊ शकतं आणि फुकटवालं बटण बारीक अक्षरात असू शकतं, घाई न करता पान खालपर्यंत बघा. पीडीएफ डाउनलोड करून नावात तारीख घालून ठेवा, पुढच्या वेळी ताडून बघायला लागते.

स्वतःचा रिपोर्ट स्वतः कितीही वेळा बघितला तरी स्कोअर कमी होत नाही. कमी होऊ शकतो तो कर्जासाठी सटासट अर्ज केले की.

फुकट स्कोअर दाखवणारी अ‍ॅप्स पण ढिगाने आहेत, वनस्कोअर तर आपल्या पुण्यातल्याच कंपनीचं आहे. महिन्याला एकदा नजर टाकायला ठीक, पण परवानगी देताना आपण काय काय हो म्हणतोय ते वाचा, कारण अशा अ‍ॅप्सचा मोठा धंदा कर्ज आणि कार्डं विकण्याचा असतो आणि नंतर प्री-अप्रूव्ह्ड लोनचे फोन सुरू होतात. वापरणं बंद केलंत तर अ‍ॅप नुसतं डिलीट करू नका, आत जाऊन दिलेली संमती आधी काढून घ्या.

चौथी पायरी : रिपोर्ट वाचा, नुसता स्कोअर नको

स्कोअर बघून सगळे बंद करतात. खरा माल आतल्या पानांवर असतो. मी या क्रमाने वाचते.

आधी सगळ्यात शेवटचा भाग, इन्क्वायरीचा. कोणी, कधी, कशासाठी आणि किती रकमेसाठी रिपोर्ट मागवला ते तिथे असतं. तुम्ही जिथे अर्जच केला नाही असं नाव दिसलं तर थांबा आणि लिहून घ्या.

मग खाती. इथे एक घोळ होतो, अ‍ॅपचं नाव वेगळं आणि मागे कर्ज देणारी एनबीएफसी वेगळी, रिपोर्टमध्ये एनबीएफसीचं नाव येतं. लक्ष्मी रोडच्या दुकानातून हप्त्यावर फ्रिज घेतला तर दुकानाचं नाव नसणार, फायनान्स कंपनीचं असणार. 'आत्ता घ्या नंतर भरा' वालं पण कर्ज म्हणूनच दिसू शकतं. म्हणून अनोळखी नाव दिसल्या दिसल्या फसवणूक झाली असं समजू नका, तारीख आणि रक्कम स्वतःच्या खरेदीशी जुळवून बघा. तरी जुळलं नाही तर मग ते गंभीर आहे.

फेडलेलं कर्ज 'क्लोज्ड' दिसतंय का बघा. भाच्याचं टू-व्हीलरचं कर्ज फिटून दोन वर्षं झाली, एनओसी (कर्ज फिटल्याचं पत्र) पण घरात फाइलला लावलेली, आणि रिपोर्टमध्ये ते अजून चालूच. असल्या चुका खऱ्या फसवणुकीपेक्षा जास्त वेळा सापडतात असा माझा आजवरचा अनुभव आहे. 'सेटल्ड' किंवा 'रिटन ऑफ' असा शब्द असेल तर त्याकडे दुर्लक्ष नको, सेटल्ड म्हणजे पूर्ण रक्कम न भरता तडजोड झाली, रिटन ऑफ म्हणजे बँकेने ते बुडीत धरलं असा अर्थ होतो आणि होम लोनवाले त्यावर अडतात.

महिन्यावार रकान्यात ००० म्हणजे हप्ता वेळेवर, ०३० म्हणजे तीस दिवस उशीर, असं वाचायचं.

आणि जामीन. मित्राला, चुलतभावाला सही करून जामीन राहिलात आणि विसरून गेलात, पण रिपोर्ट विसरत नाही, ते कर्ज तुमच्या रिपोर्टमध्ये जामीनदार म्हणून दिसतं आणि त्याने हप्ते थकवले की डाग तुमच्यावर. सहकारी बँकाही ब्युरोंना माहिती पाठवतात. आपल्याकडे शब्दाखातर जामीन राहणारे फार, म्हणून हे मुद्दाम बघा.

पाचवी पायरी : आता ठरवा

एवढं झाल्यावर मगच पैशाचा प्रश्न. आम्ही बघितलं तेव्हा सिबिलचा वर्षाचा प्लॅन १,२०० ला होता, भाव बदलतात तेव्हा आजचा भाव साइटवर बघा. घरात कमावती चार माणसं असतील तर ४,८०० रुपये, आणि तेवढे देऊनही नजर एकाच ब्युरोवर.

मी कोणाला घे म्हणेन? पहिले ते, ज्यांच्या पॅनवर एकदा खोटं कर्ज निघालंय. एकदा कागद बाहेर गेला की तो परत वापरला जाऊ शकतो, तेव्हा सहा महिने सारखं बघता येणं याला किंमत आहे. दुसरे, ज्यांची तक्रार चालू आहे आणि दुरुस्ती झाली का नाही ते बघायचंय पण फुकटचा रिपोर्ट या वर्षाचा वापरून झालाय, त्यांना एक महिन्याचा पुरतो. तिसरे, होम लोन दोन-तीन महिन्यांवर आहे आणि कार्डाची थकबाकी उतरवून स्कोअर वर येतोय का ते पाहायचंय. कार्डाचा वापर लिमिटच्या साधारण तीस टक्क्यांच्या आत आणला की फरक पडतो आणि पुढच्या एक-दोन रिपोर्टिंगमध्ये तो दिसतो. यांनाही महिन्याचाच घ्या, वर्षाचा नको.

कोणाला नको? ज्यांना नुसतीच काळजी वाटतेय त्यांना. काळजीवर पैसे भरून ती कमी होत नाही, माझी तर दर दोन-तीन पॉइंटच्या मेलने वाढलीच. 'डार्क वेबवर (नेटवरच्या चोरबाजारात) तुमची माहिती शोधू' असंही काही प्लॅनमध्ये असतं, पण सापडली म्हणून कळल्यावर करायचं काय तर पासवर्ड बदला, जागे राहा, रिपोर्ट बघा, म्हणजे हेच सगळं.

आणि 'सिबिल क्लीन करून देतो' म्हणणाऱ्यांना तर एक रुपया देऊ नका. बँकेने खात्री दिल्याशिवाय ब्युरोसुद्धा नोंद बदलू शकत नाही, तर एजंट कुठून बदलणार. खरी नोंद कोणी पुसत नाही, आणि चुकीची नोंद दुरुस्त करायला अर्ज फुकट आहे.

घ्यायचाच ठरला तर एवढं बघा : ऑटो रिन्यूअल बंद करता येतंय का, आणि कार्डावर मँडेट (आपोआप पैसे कापायची परवानगी) लागलं असेल तर पैसे कापायच्या आधी किमान चोवीस तास बँकेचा मेसेज येतो, तो वाचून तिथूनच रद्द करता येतं. संपायच्या आदल्या आठवड्यात शेवटचा रिपोर्ट डाउनलोड करून ठेवा.

सहावी पायरी : काही सापडलंच तर

याला प्लॅन लागत नाही, कोणालाही करता येतं. ब्युरोच्या साइटवर डिस्प्युट, म्हणजे चुकीच्या नोंदीची तक्रार, टाका, रिपोर्टवरचा कंट्रोल नंबर लागतो. त्याच दिवशी कर्ज देणाऱ्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यालाही ईमेल करा, फोनवर बोलून सोडू नका, लेखी पाहिजे. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर एप्रिल २०२४ पासून नियमाने दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. कंपनीने एकवीस दिवसांत ब्युरोला उत्तर दिलं नाही तर ती भरते, कंपनीने वेळेत दिलं आणि ब्युरोने उशीर केला तर ब्युरो भरतो. म्हणून तक्रारीची तारीख आणि नंबर यांचा स्क्रीनशॉट जपा. दुरुस्ती नाकारली तर कारण देणं त्यांना बंधनकारक आहे, ते मागून घ्या.

तीस दिवसांनंतरही काही नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. सीएमएस पोर्टलवर ऑनलाइन तक्रार होते, फी नाही, वकील नको, माहितीसाठी १४४४८ वर फोन करता येतो. सप्टेंबर २०२२ पासून ब्युरोंच्या तक्रारी पण तिथे घेतात. माझ्या वेळी मी हे न करता नुसत्या कस्टमर केअरला फोन लावत बसले आणि त्यातच दीड महिना गेला, तुम्ही तसं करू नका.

कर्ज खरंच कोणीतरी तुमच्या नावावर काढलं असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. दुसऱ्याची ओळख वापरणं आयटी कायद्याच्या ६६सी कलमाखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. पुणे शहरात सायबर पोलीस ठाणं शिवाजीनगरला आहे, पण वाकड, रावेत, निगडी हा भाग पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात येतो, २०१८ पासून ते वेगळं आहे, तेव्हा आधी आपली हद्द बघा म्हणजे हेलपाटा वाचेल. तक्रारीची प्रत कर्ज कंपनीला जोडून पाठवली की त्यांचं उत्तर जरा लवकर येतं, माझं तरी आलं.

ज्याने कर्ज घेतलंच नाही त्याने 'थोडकीच रक्कम आहे, भरून मोकळं होऊ' असं करू नये. मला घरच्यांनी तेच सुचवलेलं, सहा हजारच तर आहेत म्हणून. भरलं की ते कर्ज आपलंच होतं असं मान्य केल्यासारखं होतं आणि उशिराचे डाग तसेच राहतात.

त्याशिवाय सवयीच्या दोन गोष्टी. पॅनची झेरॉक्स देताना त्यावर आडवं लिहा, कशासाठी, कोणाला, कोणत्या तारखेला, आणि मग सही. आधारची पूर्ण प्रत न देता शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या, आणि बायोमेट्रिक (बोटांचे ठसे वगैरे) आधारच्या सरकारी अ‍ॅपमधून लॉक करून ठेवा, लागेल तेव्हा उघडता येतं.

भाच्याने शेवटी बाराशे भरले नाहीत. टू-व्हीलरच्या कर्जाची एनओसी जोडून डिस्प्युट टाकला, नंबर बदलून घेतला, आणि ज्या मित्राला जामीन राहिलाय त्याच्याकडून हप्त्यांचं स्टेटमेंट मागवलंय. टू-व्हीलरची नोंद क्लोज्ड झाली की मगच बँकेत अर्ज टाकायचा असं ठरलंय. पुढच्या रविवारी ताई आणि भाऊजींचे रिपोर्ट काढायला बसणार आहोत, भाऊजींचा बँकेतला नंबर अजून त्यांच्या जुन्या ऑफिसच्या लँडलाइनचाच आहे.